रोज चार परत येत नाहीत

फोन वाजला तेव्हा परशराम हुंदरेला वाटलं, खालच्या मजल्यावरचा वाजतोय. त्याचा स्वतःचा फोन वाजून आठवडा उलटून गेला होता. बेळगावच्या शहापुरातल्या त्या बोळात खाली एक माग अजून चालतो, आणि त्याच्या खटखटीत असले गैरसमज होतात. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं चष्मा शोधला, मग फोन.

"परशराम अण्णा? गोमटेश बोलतोय. कारखान्यातनं."

"बोला."

"गेट बंद पडलंय. काटा बंद, टोकन बंद. उसाच्या गाड्या पार हायवेपातुर उभ्या हायत. डिसेंबरात ही सहावी खेप. सिस्टीम तुमच्या हातची. या, आणि मला चोर धरून द्या."

"चोर?"

"बिघाड काय घड्याळ बघून येतोय व्हय? कुणीतरी करतंय. कोण करतंय ते मला म्हाईत हाय. फकस्त पुरावा पायजे."

निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, हायवेपासून थोडा आत, हा खासगी साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात कारखान्याचा दोष थोडाच आहे. ऊस नोंदणी, तोडणीची तारीख, गेटवरचं टोकन, काट्यावरचं वजन, हे सगळं सांभाळणारी सिस्टीम परशरामनं अकरा वर्षांपूर्वी जावा ह्या संगणकाच्या भाषेत लिहिली होती. तेव्हा त्याची बायको रचना बेळगावात दवाखान्यात होती. शेवटची पानं त्यानं वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन पुरी केली. रचना गेली. दिवसकार्य आटोपल्यावर त्यानं काम कारखान्याच्या हवाली केलं आणि पुन्हा तिकडं फिरकला नाही.

कारखान्यानंही बोलावलं नाही, कारण काही बिघडलंच नाही. ह्या गोष्टीचा परशरामला मनातून अभिमान होता. छप्पन्न वर्षांच्या, एकट्यापुरता भात लावणाऱ्या माणसाकडं अभिमान धरायला फार काही उरलेलं नसतं. दोन-तीन कॉलेजांच्या वेबसाइटी तो घरातून सांभाळायचा. कित्येक दिवस असे जायचे की दूधवाल्याशी जे काय बोलणं होईल तेवढंच.

दुसऱ्या दिवशी, एकोणतीस तारखेला, पहाटेच्या एसटीनं तो निघाला.

गोमटेश कारखान्याचा व्यवस्थापक. पन्नाशीचा, बोलायला मोकळा, रागाला लवकर येणारा. केबिनचं दार लावून त्यानं सांगायला सुरुवात केली.

"दिव्या म्हणून पोरगी हाय. कंत्राटावर. संगणक सगळा तिच्याच ताब्यात. मार्चला कंत्राट संपतंय, आणि मी ते वाढवणार न्हाय म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय? बंद पाडायचं आपणच, चालू करायचं आपणच. म्हंजे तिच्यावाचून कारखान्याचं अडतंय असं दिसावं. दर वेळी दहा ते साडेदहाच्या मधे बंद पडतंय. तिची हजेरी किती वाजता? दहा."

"आणखी काही?"

"पैलं नोंदणी शोधायचं पान आमच्या क्लार्कांपुरतं होतं. जूनात हिनं ते शेतकऱ्यांच्या मोबाइलवर उघडं केलं. आणि ह्याच हंगामात हे सुरू झालं." गोमटेशनं टेबलावरचा टाइप केलेला कागद पुढं सरकवला. पोलिसांत द्यायची तक्रार होती, सहीची जागा रिकामी होती. "दोन तारखेपर्यंत वाट बघतो, अण्णा. त्या दिवशी परत बंद पडलं की सही. पोरीला नोकरी तर जाईलच, पण ह्या भागात दुसरी कुणी देणार न्हाय."

"दोन तारीखच का?"

"ते काट्यावरच्या शामूला विचारा."

शामूनं काटाघराच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं. बंद पडलेल्या तारखांभोवती तांबडा गोल होता. दोन, सात, बारा, सतरा, तेवीस, अठ्ठावीस.

"दर पाचव्या दिशी," शामू म्हणाला. "मी आदल्या दिशीच ड्रायव्हरांना सांगतो, उद्या जेवणाचा डबा मोठा आणा म्हणून."

"सतरानंतर तेवीस आहे. तिथं सहा दिवस झाले."

"व्हय. बावीसला मी वाट बघत बसलो, आणि गडी दिवसभर चालला. तेवीसला पडला."

"ह्यातल्या एखाद्या दिवशी दिव्या रजेवर होती?"

शामूनं कॅलेंडरकडं पाहिलं. "बाराला न्हवती. खालच्या वाडीत लगीन होतं. पण सायेब म्हणत्यात, घरातनं फोनवर बी करता येतंय म्हणून."

दिव्या त्या दिवशी लवकर आली होती, ती तिच्या खोलीत सापडली. तिशीच्या आतली, चष्मेवाली. तिनं खुर्ची पुढं केली आणि स्वतः उभीच राहिली. तिच्या टेबलावर दोन डबे होते, एक आजचा, एक कालचा, दोन्ही न उघडलेले. ऑफिसातलं कुणी आता तिच्याबरोबर जेवायला बसत नव्हतं.

"तू केलंस?" परशरामनं सरळ विचारलं.

"नाही, सर."

"बंद पडतं तेव्हा काय दिसतं?"

"कनेक्शन उपलब्ध नाही, एवढीच ओळ. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं ठीक होतं. पुढचे चार दिवस काही नाही."

"शेतकऱ्यांनी चुकीचे नंबर टाकून घोळ घातला असेल?"

"चुकीचा नंबर आत जातच नाही. शेवटचा आकडा तपासणीचा असतो, तो जुळला नाही तर पान दारातूनच परत पाठवतं. ते तुमचंच आहे, सर." ती किंचित हसली. "मी तुमच्या फायली वाचूनच जावा शिकले. म्हणून सायबांना म्हटलं होतं, हुंदरे सरांना बोलवा. त्यांनी बोलवलं, पण मला पकडायला."

अकरा वर्षांत कुणी परशरामला असं काही म्हटलं नव्हतं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. असला प्रोग्रॅम डेटाबेसशी, म्हणजे नोंदींच्या कोठाराशी, बोलतो तो कनेक्शनमधून. दर विचारणीला नवं कनेक्शन जोडत बसलं तर वेळ जातो. म्हणून वीस कनेक्शनं आधीच जोडून ठेवतात. ज्याला लागेल त्यानं एक घ्यावं, काम झालं की परत ठेवावं. ह्या साठ्याला पूल म्हणतात. परत ठेवायला कुणी विसरलं, तर ते कनेक्शन मोकळंही नसतं आणि कामातही नसतं. अशी वीसच्या वीस अडकली की पुढच्या माणसाला नुसतं ताटकळत उभं राहावं लागतं. गेटवरच्या गाड्या उभ्या राहतात त्या अशा. सर्व्हर बंद करून चालू केला की वीसही पुन्हा हजर.

हा पूलही परशरामनं तेव्हा हातानंच लिहिला होता. आजकालचे तयार पूल कनेक्शन कुणी नेलं आणि परत आणलं नाही, त्याचं नाव सांगतात. त्याचा पूल फक्त मोजायचा. बाहेर किती, आत किती.

त्यानं तो आकडा दिव्याच्या पडद्यावर लावला. आदल्या दिवशी सर्व्हर नव्यानं चालू झाला होता. कामात असलेली कनेक्शनं क्षणभर बाहेर जायची आणि परत यायची, आकडा शून्यावर येऊन टेकायचा. दहा वाजून पाच मिनिटांनी तो एकवर टेकला. मग दोनवर. तीनवर. चारवर.

त्यानंतर दिवसभर तो चारच्या खाली आला नाही.

तीस तारखेला सकाळी चार. सव्वादहाला आठ.

"रोज चार गळतात," परशराम म्हणाला. "पाच दिवसांत वीस. कुणी एका झटक्यात बंद पाडत नाही. पाणी मुरतंय कुठंतरी, रोज, ठरल्या वेळी."

दिव्या म्हणाली, "मी बंद पडल्या क्षणाचा लॉग बघत होते. त्या वेळी कोण आत होतं ते."

"ते बिचारे अडकलेले. नेणारे चार दिवस आधीच नेऊन गेले."

तो कारखान्याच्या गेस्टहाऊसवर उतरला होता. तीन वर्षांत बदललेल्या सगळ्या फायली त्यानं दोन दिवसांत डोळ्यात तेल घालून वाचून काढल्या. दिव्याच्या, तिच्या आधीच्या दोघांच्या, अशा अठ्ठावन्न. सगळीकडं कनेक्शन घेतलेलं होतं आणि परत केलेलं होतं. राहिली एकोणसाठावी फाईल, नोंदणी शोधायच्या पानाची. ती त्याची स्वतःची, अकरा वर्षं बिनतक्रार चाललेली. शिवाय त्या फायलीवर दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसाची तारीख होती, ती त्याला बघायची नव्हती. ती त्यानं सोडून दिली.

मग तो लॉगकडं वळला. शेतकरी पानावर येतो तो आपल्या मोबाइल नंबरानं, त्यामुळं कोण कधी आलं हे तिथं राहतं. रोज दहा ते सव्वादहाच्या मधे कित्येकजण येत होते. पण रोज न चुकता, बरोबर चारदा येणारा फोन एकच निघाला. चार वेगवेगळे नोंदणी नंबर, मिनिटभराच्या अंतरानं, रोज त्याच क्रमानं.

एकोणीस तारखेला मात्र तो फोन आलाच नव्हता. सतरा आणि तेवीसच्या मधे सहा दिवस का गेले, ते असं कळलं.

फोनचा मालक होता नेमगोंडा बाळगोंडा मगदूम.

गोमटेशनं नाव ऐकलं आणि खुर्चीतून उठला. "नेमगोंडा मामा? अण्णा, ते भाद्रपदात वारले. मी स्वतः गेलतो मातीला."

मग त्यानं आवाज चढवला.

"चार प्लॉट होते त्यांचे. नोंदणी रद्द कुणी केली? दिव्यानं. नोव्हेंबरच्या शेवटी. मेलेल्याचा फोन नंबर कुणाला म्हाईत? दिव्याला. मेलेल्या माणसाच्या नावानं हिनंच..."

"फोन कुणाच्या हातात आहे ते बघून येतो," परशराम म्हणाला. "तोवर सही करू नका."

एकतीस तारखेला सकाळी साडेनऊला तो मगदुमांच्या दारात उभा होता. निपाणीपासून आठ-दहा किलोमीटरवरचं गाव. पुढं सोपा, बाजूला रिकामा गोठा, अंगणात शेवगा. सोप्याच्या कोपऱ्यात एकात एक घातलेली पाच मोठी पितळी पातेली होती. काठावर गावच्या बस्तीचं, म्हणजे जैन मंदिराचं, नाव कोरलेलं होतं.

"बर्री, या, बसा," आतून आवाज आला. बाई सत्तरीच्या पुढची होती. तारामती, नेमगोंडांची बायको. कारखान्यातून आलो म्हटल्यावर तिनं चहा टाकला.

"घरात कोण असतं, आक्का?"

"मी हाय की."

"आणि?"

"पोरगा पुण्याला. रविवारी फोन करतोय, कामात नसला तर. रान पुतण्या करतोय."

"मामांचा फोन?"

तिनं पदराखालून काढून दाखवला. काचेला तडा गेला होता, पण स्वच्छ पुसलेला होता. फोनच्या मागं चार नंबर लिहिलेला कागद चिकटवलेला होता.

"हा फोन दुसरं कुणी वापरतं?"

"कोण वापरणार?"

"एकोणीस तारखेला तुम्ही तो वापरला नाही."

तारामतीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमास्नी कसं कळलं? त्या दिशी लाईट न्हवती. चार्जिंग संपलं. दिसभर चुकल्यागत झालं मला."

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच मिनिटं होती. परशरामनं चहाची कपबशी हातात घेतली आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, "ही भांडी बस्तीची दिसतात."

"व्हय. लगीन असो, पूजा असो, भांडी बस्तीचीच आणायची. वहीत नाव लिवायचं, आणि जेवणं उठली की दुसऱ्या दिशी घासून पोचती करायची. आमच्या गावात आजपातुर कुणी एक पळी ठेवून घेतली न्हाय."

"मग ही?"

"ते दवाखान्यातनं घरी येणार होते. डॉक्टर बुधवारी सोडतो म्हणालता. म्हणून पूजा घातली, गावजेवण ठरवलं, भांडी आणली. मंगळवारी गेले ते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "चूलच पेटली न्हाय. जेवणं झाली असती तर भांडी घासली असती, आणि घासली असती तर परत बी गेली असती. काय झालंच न्हाय, म्हणून परत द्यायची कुणाला आठवण ऱ्हायली न्हाय. बस्तीवाले बी मागत न्हाईत. बिचारी, म्हणत असतील."

परशरामनं कपबशी खाली ठेवली. काही झालंच नाही म्हणून परत द्यायची आठवण राहिली नाही, हे वाक्य त्यानं मनात दोनदा म्हणून पाहिलं. त्याला एकोणसाठावी फाईल आठवली.

दहा वाजले. तारामतीनं फोन घेतला, कागद पाहून एकेक आकडा दाबला आणि थांबली. पडद्यावर ओळ आली. नोंद आढळली नाही. तिनं दुसरा नंबर टाकला, मग तिसरा, मग चौथा. चारही वेळा तीच ओळ.

"नाव येणार नाही, आक्का. नोंदणी रद्द झाली आहे."

"म्हाईत हाय की."

"मग रोज कशाला विचारता?"

"भाकरी झाली की दहा वाजता ते हितं बसायचे, आणि चारी प्लॉट मला वाचून दावायचे. वर त्यांचं पुरं नाव यायचं. रेशनकार्डावरनं नाव काढलं, बँकेतनं काढलं, सगळीकडनं काढलं. ह्या एका जागी होतं, ते बी दिवाळीनंतर गेलं." तिनं फोन पदरानं पुसला. "आणि अण्णा, हे न्हाय म्हणतंय खरं, पण लगेच म्हणतंय. मी विचारल्यावर दुसरं कोण एवढं लगेच उत्तर देतंय?"

परशरामला स्वतःचं घर आठवलं. त्याच्याकडं तर विचारायलाही काही नव्हतं. त्यानं आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून तिला दिला आणि निरोप घेतला. कारखान्यात परत आल्यावर त्यानं एकोणसाठावी फाईल उघडली आणि शेवटपर्यंत वाचली.

एक जानेवारीला पावणेदहाला केबिनमध्ये चौघे जमले. गोमटेश, शामू, दाराजवळ उभी दिव्या आणि परशराम. पडद्यावर पूलचा आकडा होता. बारा.

"आत्ता बारा कनेक्शनं अडकलेली आहेत," परशराम म्हणाला. "दहानंतर तेरा होतील, मग चौदा, पंधरा, सोळा. सोळावर थांबेल. दिव्या इथं आपल्यासमोर आहे, तिचा फोन तुमच्या टेबलावर ठेवा."

दिव्यानं फोन ठेवला. सगळे पडद्याकडं बघत राहिले. दहा वाजून चार मिनिटांनी आकडा तेरावर टेकला. शामू हळूच म्हणाला, "आयला." चौदा. पंधरा. सोळा. पुढं तो हलला नाही.

"कोण हाय?" गोमटेशनं विचारलं.

"तारामती आक्का. नवऱ्याच्या फोनवरून नवऱ्याचे चार नंबर रोज विचारतात. त्यांनी काही बिघडवलेलं नाही. विचारणं हा गुन्हा नाही."

"मग गुन्हा कुणाचा?"

"सांगतो. शोधायचं पान आधी एक कनेक्शन घेतं, मग डेटाबेसला विचारतं, ह्या नंबराची नोंद आहे का. असेल तर नाव दाखवतं आणि कनेक्शन परत करतं. नसेल तर नोंद आढळली नाही एवढं सांगतं, आणि तिथूनच माघारी फिरतं. परत करायची ओळ खाली आहे, तिथपर्यंत ते पोचतच नाही. जेवण झालं तर भांडी परत. झालंच नाही तर भांडी सोप्यात पडून."

"मग अकरा वर्षं कसं चाललं?" हे दिव्यानं विचारलं.

"चुकीचा नंबर दारातून परत जातो, हे तूच सांगितलंस. आत जाऊन रिकाम्या हातानं परतणारा नंबर एकाच प्रकारचा, एके काळी खरा असलेला आणि आता रद्द झालेला. क्लार्क कशाला मेलेल्या माणसाचा नंबर विचारील? वर्षातून एखादं कनेक्शन गळलं असेल, ते मशिनं धुवायला कारखाना थांबून सर्व्हरही बंद झाला की परत आलं असेल. तू पान मोबाइलवर उघडलंस, तू नोंदणी रद्द केलीस, दोन्ही कामं बरोबरच केलीस. म्हणून संशयही तुझ्यावर आला. सत्तावीस नोव्हेंबरला नंबर रद्द झाले, अठ्ठावीसपासून रोज चार, आणि दोन डिसेंबरला पहिल्यांदा गेट बंद."

गोमटेश पुढं झुकला. "ते पान कुणी लिहिलंय?"

"मी."

परशरामनं फाईल पडद्यावर आणली.

"इथं बघा. नोंद नसेल तर काय करायचं, ह्या ओळीखाली दोन तिरप्या रेषा आहेत. स्वतःसाठी टिपण लिहायचं असलं की आम्ही आधी त्या देतो. पुढं काही लिहिलेलं नाही. इथं कनेक्शन परत करायचं, एवढंच लिहिणार होतो मी. तेवढ्यात नर्सनं आतून हाक मारली, हुंदरे, लवकर या म्हणून." त्यानं फायलीवरच्या तारखेवर बोट ठेवलं. "तेरा दिवसांनी काम तुमच्या हवाली केलं. ही फाईल उघडून बघितली नाही. परवाही अठ्ठावन्न फायली वाचल्या, दुसऱ्यांच्या. ही टाळली. दिव्याचं एकेक अक्षर तपासलं आणि माझ्यावर मी संशयच घेतला नाही. तक्रारीत नाव घालायचं असेल तर माझं घाला."

गोमटेशनं टेबलावरचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि टोपलीत टाकला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दिव्या, मी लई बोललो तुला. चारचौघांत बोललो, ते चारचौघांतच मागं घेतो. मार्चचं बी बघू."

"बघू नका, सायेब. करा," शामू म्हणाला. गोमटेशनं मान हलवली.

"आणि आक्काचा फोन बंद करून टाकूया का? ती कटकटच नको," गोमटेश म्हणाला.

"नाही," परशराम आणि दिव्या एकदमच म्हणाले.

दुरुस्ती लहानशी होती. नोंद मिळो न मिळो, वाटेत काही मोडो, पान कोणत्याही वाटेनं बाहेर पडलं तरी कनेक्शन आधी परत होईल, अशी त्यांनी ती लिहिली. अकरा वर्षांपूर्वीही ती एवढीच असायला हवी होती. परशरामनं त्या दोन तिरप्या रेषा पुसल्या नाहीत. त्यांच्यापुढं त्यानं राहिलेलं टिपण पुरं केलं.

"सर, आणखी एक करू का?" दिव्यानं विचारलं. "रद्द झालेल्यांची नावं जुन्या यादीत असतात. नोंद आढळली नाही असं म्हणण्याऐवजी नाव दाखवूया, आणि खाली बारीक अक्षरात, नोंदणी बंद."

"कर," परशराम म्हणाला. त्यानं कीबोर्ड तिच्याकडं सरकवला.

दोन जानेवारीला शामूच्या कॅलेंडरवर आधीच तांबडा गोल काढून ठेवलेला होता. ड्रायव्हर मोठे डबे घेऊन आले होते. दहा वाजले. परशराम आणि दिव्या पडद्यासमोर बसले होते, आणि त्यांच्यामध्ये दिव्याचा उघडलेला डबा होता.

दहा वाजून सहा मिनिटांनी आक्काच्या फोनवरून पहिली विचारणी आली. कनेक्शन गेलं आणि परत आलं. आकडा शून्य. मग मिनिटभर काहीच नाही, दोन मिनिटं काहीच नाही. दिव्यानं परशरामकडं पाहिलं. तेवढ्यात तोच नंबर पुन्हा आला. पुन्हा तोच. मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि परत पहिल्यापासून. त्या सकाळी चार नव्हे, सदतीस वेळा विचारणी झाली. सदतीसच्या सदतीस कनेक्शनं परत आली. गेट क्षणभरही थांबलं नाही.

अकराच्या सुमाराला परशरामचा फोन वाजला. ह्या वेळी तो आपलाच आहे हे त्याला पहिल्या घंटेला कळलं.

"अण्णा, त्यांचं नाव आलं," तारामती म्हणाली.

"व्हय, आक्का."

"पुरं आलं. खाली बंद म्हणून लिवलंय, ते बी वाचलं मी. खरंच हाय ते." मग पातेली ओढल्याचा आवाज आला. "आता ही भांडी बस्तीत पोचवावी म्हणते. घासून ठेवल्यात, पण मला एकटीला उचलत न्हाईत."

"येतो," म्हणून परशराम उठला.